पानगळीतला खोकला

ऑक्टोबर अर्धा सरला की आमच्या श्रूजबरीतल्या मेपलच्या झाडांचं डोकं फिरतं. आठ-दहा दिवस नुसता लाल-केशरी तमाशा. लोक लांबून गाड्या घेऊन बघायला येतात, झाडाखाली उभं राहून फोटो काढतात. मग एक पाऊस, एक वारा, की तो सगळा तमाशा आमच्या अंगणात. लोकांचे फोटो होतात आणि माझी कंबर जाते. मला फॉल, म्हणजे हा पानगळीचा मोसम, आवडत नाही. पॉटलकच्या जेवणाला असं बोलले की बायका डोळे मोठे करून विचारतात, "अय्या, का गं?" मी सांगते, "पानं ओढून ओढून कंबर मोडते बाई." ते काही अगदीच खोटं नाही.

यंदा सई आली होती मदतीला. सई म्हणजे माझी लेक, वय वर्षं तेवीस, बॉस्टनला नोकरी करते आणि महिन्यातून एकदा कपडे धुवायला आईकडे येते. ती रेकने, त्या लांब दाताळ्याने, पानं ओढत होती, मी कागदी पिशव्यांत कोंबत होते. ओल्या पानांचा तो कुजकट-गोडसर वास सगळीकडे भरून राहिला होता. मध्येच ती थांबली आणि खोकली. कोरडा, खालून वर येणारा खोकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खोकली तेव्हा मी पिशवी सोडून दिली आणि सगळी पानं पुन्हा खाली.

"किती दिवस आहे हा खोकला?"

"आई, रिलॅक्स. इट्स जस्ट द लीव्ह्ज. मोल्ड ऑर समथिंग."

पानांमुळे होतंय, बुरशी असते. तिच्या बाबाचं वाक्य. तेच अंगण, तोच महिना, आणि तिला ठाऊकसुद्धा नाही की ती कुणाचं वाक्य बोलली. मी "बरं" म्हटलं आणि खाली बसून पानं गोळा करायला लागले, म्हणजे तिला माझं तोंड दिसू नये.

संध्याकाळी तिच्या गाडीतून किराणा आणायला गेलो तर गाडीत आंब्याचा वास. ऑक्टोबरात आंबा! तोही खऱ्या हापूसचा नाही, शाळेबाहेर मिळायच्या त्या पिवळ्या गोळ्यांचा. मी काही दुधखुळी नाही. आजकाल पोरांच्या खिशात पेनसारखी, पेन ड्राइव्हसारखी, वाफ ओढायची काय काय रंगीत यंत्रं असतात ते मलाही कळतं. पण मी काच खाली केली आणि म्हटलं, "काय गार हवा सुटलीये ना?"

मी नागपूरची. आमच्याकडे माणूस आधी बोलतो आणि मग विचार करतो. लग्नानंतर सासरी सांगलीला गेले तेव्हा तिथली शांतता बघून मला वाटलं, काही भांडण झालंय की काय घरात? भांडण नव्हतं, ती रीत होती. वडिलांसमोर मुलगा पाय पसरून बसायचा नाही, मोठ्याने हसायचा नाही. वडीलही काही विचारायचे नाहीत. मंदारला, माझ्या नवऱ्याला, अण्णांशी बोलायचं असेल तर तो आईंना सांगायचा, आई अण्णांना सांगायच्या, आणि अण्णा शेजारच्या खोलीतून ऐकत असूनही मध्ये बोलायचे नाहीत. मला हसू यायचं. मी मंदारला म्हणायचे, "काहून रे, तुमच्या घरी पोस्टमन लागतो का?"

मंदार सिगरेट ओढायचा. इंजिनिअरिंगला असताना लागलेली सवय. आणि ती सोडायचाही. तो किती वेळा सोडायचा हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. 2001 मध्ये आम्ही स्टेट कॉलेज नावाच्या गावात होतो, तो एमएस संपवत होता, आणि सई झाली. बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्याने जाहीर केलं, आजपासून बंद. चौथ्या दिवशी पठ्ठ्या बाल्कनीत, बर्फात, हाफ पँटवर. "बंदच आहे गं, ही शेवटची." मग आली निकोटिनची पट्टी. दंडावर चिकटवायची, चौकोनी, कातडीच्या रंगाची (गोऱ्यांच्या कातडीच्या, याच्या दंडावर ती लांबून चमकायची). पट्टी लावून झोपलं की भलतीच स्वप्नं पडतात. मंदारच्या स्वप्नात अण्णा यायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते त्याचा शर्ट हातात धरून उभे. सकाळी हा घामाघूम. दोन महिन्यांनी तो म्हणाला, "सिगरेट परवडली, पण हे स्वप्न नको."

श्रूजबरीला घर घेतल्यावर निकोटिनच्या गमचा प्रयोग झाला. तो गम म्हणे साध्या च्युइंगगमसारखा चघळायचा नसतो. जरा चावायचा, झोंबायला लागला की गालात दाबून ठेवायचा. मी म्हटलं, "अरे, ही तर तंबाखूची चिमूट झाली! यासाठी अमेरिकेपर्यंत कशाला आलो?" पण या माणसाला धीर कुठला. कचाकचा चावायचा आणि मग तासभर उचक्या. मीटिंगमध्ये उचक्या, फोनवर उचक्या. सई त्याच्या उचक्या मोजायची. हसून हसून पुरेवाट व्हायची आमची. ते दिवस आठवले की अजून हसू येतं आणि मग पुढचं सगळं आठवतं.

2007 च्या उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे आले. आई त्याच वर्षी मार्चमध्ये गेल्या होत्या. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेला ताठ कण्याचा माणूस. आमच्या लिव्हिंग रूममध्ये सोफ्याच्या अगदी कडेला बसायचा, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसावं तसा. अण्णांनी स्वतः बिडी सोडली होती, एका दिवसात. मंदार जन्मला त्या दिवशी अख्खं बंडल कालव्यात टाकलं, संपलं. टीव्हीवर पट्टीची जाहिरात लागली की ते म्हणायचे, "सोडायची म्हणजे सोडायची. त्याला चिकटपट्ट्या कशाला लागतात?" मंदार रिमोट उचलून चॅनल बदलायचा.

आणि कौतुक! तसे मुलाशी दोन शब्द बोलणार नाहीत, पण चार माणसं जमली की सुरू. "आमच्या मंदारला सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही हो. इतकी वर्षं परदेशात राहून." हे असं मोठ्याने, मंदारला ऐकू जाईल असं. मंदारचे कान लाल व्हायचे आणि तो बर्फ आणायला जायचा. आमच्याकडे पार्टीला बर्फ कधी कमी पडला नाही.

अण्णा आल्यापासून सिगरेटची जागा म्हणजे गराज. "कचरा टाकून येतो" म्हणून जायचं आणि वेलदोडा चावत परत यायचं. दिवसातून तीनदा कचरा टाकणारं श्रूजबरीतलं आमचं एकमेव घर असेल. मी खालच्या पायरीवर पहारा देत उभी. अण्णा उठले की मी मोठ्याने विचारायचे, "अण्णा, चहा टाकू का?" हा आमचा सिग्नल. नागपूरची बडबडी पोरगी शेवटी सांगलीच्या घरची पोस्टमन झाली होती, फक्त एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही एवढ्यासाठी.

सप्टेंबरात ते यंत्र आलं. मंदारच्या ऑफिसातल्या कुणीतरी इंटरनेटवरून मागवलं होतं, त्याचं बघून यानेही मागवलं. भारी पेन ज्यात येतं तशी डबी, आत मऊ कापडाच्या खाचेत सिगरेट. म्हणजे दिसायला सिगरेट, हाताला जड. चार्ज करायची. ओढली की टोकाला लाल दिवा लागतो. इलेक्ट्रॉनिक सिगरेट! मी तर बघतच राहिले. "बिन विस्तवाची?" मंदार खुशीत होता. "यात धूर नाहीच गं, वाफ आहे नुसती. आपण सर्दी झाल्यावर वाफारा घेतो ना, तसं समज."

आणि खरं सांगते, चमत्कार झाला. तीन आठवड्यांत त्याने खरी सिगरेट टाकली. वेलदोडे डब्यात पडून राहायला लागले. त्याच्या जॅकेटला वास येईनासा झाला. मी त्याच्या मानेत नाक खुपसून बघायचे, आणि तिथे नुसता साबणाचा वास. गमने जे दोन वर्षांत केलं नाही ते या लाल दिव्याने केलं. मी त्या यंत्राला मनातल्या मनात हळदीकुंकू वाहिलं असेल.

मी पुष्कळदा या सगळ्याचा हिशेब लावत बसते, कुठली रीत चांगली होती म्हणून. डॉक्टर काय ते सांगतीलच, मी काही त्यातली नाही. पण मला आपलं वाटतं, पट्टी लावायची तर आधी कबूल करावं लागतं की मी सिगरेट ओढतो. फार्मसीत मागताना, दंडावर चिकटवताना, रोज. गमचंही तेच. त्या लाल दिव्यासाठी काहीच कबूल करावं लागत नव्हतं. तोंडात धरून, नाकातून वाफ सोडून मंदार मला सांगायचा, "मी आता ओढत नाही." आणि मला ते पटायचं, कारण मला ते पटायलाच हवं होतं.

खोकला त्याच सुमाराला सुरू झाला. पानं पडायला लागली होती. बापलेक शनिवारी अंगणात उतरायचे. एक या टोकाला, एक त्या टोकाला, मध्ये पानांचा ढीग आणि ढिगात सई. मंदार रेकवर वाकून खोकायचा. "पानांमुळे होतंय. मोल्ड असतो ओल्या पानांत." ऑफिसात निम्मे लोक ॲलर्जीने शिंकत होते, त्यामुळे कुणालाच काही वाटलं नाही. अण्णांना वाटलं. तिसऱ्या आठवड्यात जेवताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "वैशाली, त्याला डॉक्टरकडे घेऊन जा." मंदार समोर बसून आमटी ओरपत होता.

मग गेलो आम्ही. तिघंही. आपल्याकडे डॉक्टरकडे एकटं कोण जातं? एक आजारी, दोन सोबतीला. अण्णा म्हणाले, "मी येतो, काय म्हणतो बघू डॉक्टर," आणि कोट-टोपी घालून गाडीत बसलेसुद्धा. वेटिंग रूममध्ये मंदारचं नाव पुकारलं तेव्हा तिघंही उठलो. नर्सला जरा नवल वाटलं, पण बिचारीने बाहेरून एक खुर्ची आणून दिली. मंदार त्या कागद अंथरलेल्या उंच पलंगावर, आम्ही दोघं समोर भिंतीला टेकून. तिने वजन घेतलं, ब्लड प्रेशर घेतलं आणि कॉम्प्युटर पुढे ओढून प्रश्न विचारायला लागली.

"डू यू स्मोक?"

मंदारने माझ्याकडे बघितलं नाही. तो अण्णांच्या बुटांकडे बघत होता.

"नो."

"एव्हर?"

"नेव्हर."

माझ्या पर्सच्या पट्ट्याची शिवण उसवली होती. मी तिथला दोरा ओढत बसले. अण्णांना इंग्रजी चांगलं यायचं, ते खुर्चीत ताठ झाले आणि नर्सला म्हणाले, "नो, नो. ही इज अ व्हेरी गुड बॉय." नर्स हसली. मीही हसले. तिने बटण दाबलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

डॉक्टरांनी छाती तपासली. सदतीस वर्षांचा माणूस, कधी सिगरेट ओढली नाही, दिवस पानगळीचे. ॲलर्जीच्या गोळ्या आणि नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला. त्या माहितीवर दुसरं कुणी काय दिलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी मंदारला गराजमध्ये धरलं. "फोन करून खरं सांग त्यांना." तो म्हणाला, "आता काय सांगू, मी खोटं बोललो म्हणून? नेक्स्ट व्हिजिटला सांगतो ना. आणि यार, तसंही मी सोडलीये." तो लाल दिवा दाखवला मला, पुरावा म्हणून. मी म्हटलं, "सांग म्हणजे झालं." मी स्वतः फोन करू शकत होते. नंबर फ्रिजवर लावलेला होता. रोज दूध काढताना दिसायचा. पण उद्या त्या नर्सने घरी फोन केला आणि अण्णांनी उचलला तर? हा एवढा विचार मी केला. मी, जी आधी बोलते आणि मग विचार करते.

नेक्स्ट व्हिजिट डिसेंबरात झाली. अण्णा पुन्हा सोबत. तेव्हा इनहेलर दिला. जानेवारीत मंदारचे शर्ट सैल व्हायला लागले, आणि फेब्रुवारीत रुमालावर रक्त आलं.

मोठ्या हॉस्पिटलात मी आणि मंदार दोघंच गेलो, अण्णांना सईपाशी ठेवून. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डू यू स्मोक?" आणि मंदार पटकन, अगदी सहज म्हणाला, "येस. एटीन इयर्स." बाईंनी समोरच्या कागदावर बोट ठेवलं. "इट सेज नेव्हर हिअर." त्यांनी ते खोडलं. किती सोपं होतं ते. एक रेघ.

नंतर एकदा कॉरिडॉरमध्ये गाठून मी त्यांना विचारलं, हा फुप्फुसाचा कॅन्सर ऑक्टोबरात कळला असता तर? त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित फरक पडला असता, कदाचित नसताही. सतरा वर्षं मी या 'कदाचित'ला घेऊन जेवते, कामाला जाते, पानं ओढते. 'नाही' म्हटलं असतं त्यांनी तर मी सुटले असते. 'हो' म्हटलं असतं तर एकदाच काय ते रडून घेतलं असतं.

मंदार सप्टेंबरात गेला. झाडं अजून हिरवी होती. शेवटच्या आठवड्यात, बोलायला त्रास होत असताना त्याने माझ्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. सईची नाही, घराची नाही. "अण्णांना कळू देऊ नकोस." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मला त्याचा राग आला होता. मरायला टेकलेल्या माणसाचा राग येतो, खोटं कशाला बोलू. इतका राग, की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि टॉवेल तोंडात कोंबून ओरडले.

अण्णांनी मुक्काम वाढवून घेतला होता. ऑक्टोबरात पानं पडली आणि ते न सांगता रेक घेऊन अंगणात उतरले. मी बाहेर आले तर सगळं अंगण स्वच्छ, आणि अण्णा मेपलखाली उभे. त्यांनी कोटाच्या खिशातून ती डबी काढली. पेनाची असावी तशी डबी.

"गराजमध्ये फळीवर होती," ते म्हणाले. "ठेव तुझ्याकडे."

मी कबूल केलं होतं मंदारला. म्हणून म्हटलं, "अण्णा, हे ऑफिसचं काहीतरी असेल."

"वैशाली, पुरे." ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडले. मग रेकला टेकून, खाली बघत म्हणाले, "इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सुट्टीत घरी आला होता. त्याच्या आईने शर्ट भिजवायला म्हणून खिसे तपासले, तर काडेपेटी निघाली. तिने शर्ट माझ्याकडे आणून दिला. मी किती तरी वेळ तो हातात घेऊन उभा होतो. हा दारात आला, त्याने मला बघितलं. मी शर्ट खुंटीला अडकवला आणि बाहेर गेलो."

"मग... तुम्ही लोकांसमोर ते सारखं... व्यसन नाही म्हणून..."

"त्याच्या कानावर पडावं म्हणून. मला वाटायचं, ऐकून लाजेल आणि सोडेल. तोंडावर कसं विचारायचं? आमच्या वडिलांनी आम्हाला नाही विचारलं."

त्यांचा चष्मा ओला झाला होता आणि ते तो कोटाच्या बाहीने पुसत होते, उगाच, पुन्हा पुन्हा.

"त्या दिवशी दवाखान्यात," ते म्हणाले, "मला वाटलं होतं, तो सांगेल. नाही म्हणाला. मग मीच म्हटलं, गुड बॉय. त्याची लाज राखायला. मीच म्हटलं, वैशाली."

त्या छोट्याशा खोलीत चार माणसं होतो. नर्स सोडून सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

अण्णा नोव्हेंबरात परत गेले. पुढे सहा वर्षं जगले. दर रविवारी फोनवर बोलायचो आम्ही, थंडीबद्दल, सईच्या मार्कांबद्दल. त्या दिवसाबद्दल पुन्हा एक अक्षर नाही. डबी माझ्या कपाटात आहे. एकदा चार्ज करून बघितली होती. दिवा लागला नाही.

परवा माझ्या बहिणीचा फोन आला होता. आजकालची पोरं, त्यांची ती वाफेची यंत्रं, असं काहीबाही चाललं होतं. आणि मी म्हणाले, "आमच्या सईचं मात्र तसलं काही नाही हो." मोठ्याने. सई अजून इथेच होती, किचनमध्ये, तिच्या कानावर पडावं अशा बेताने. फोन ठेवला आणि मग माझं मलाच ऐकू आलं. आवाज माझा होता, पण बोलणं अण्णांचं होतं. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

दुसऱ्या दिवशी सईला दवाखान्यात घेऊन गेले. "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग, आय ॲम ट्वेंटी-थ्री," असं ती वाटेभर म्हणत होती. नाव पुकारल्यावर सवयीने दोघीही उठलो. पुन्हा तो कागद अंथरलेला पलंग, त्यावर ती पाय हलवत बसलेली, अगदी बापासारखे लांब पाय. नर्सने वजन घेतलं, ब्लड प्रेशर घेतलं. कॉम्प्युटर पुढे ओढला.

"ओके सई, आय हॅव अ फ्यू क्वेश्चन्स फॉर यू."

सईने माझ्याकडे बघितलं नाही. ती माझ्या बुटांकडे बघत होती.

मी उठले. पर्स घेतली. "मी बाहेर बसते," म्हटलं.

"आई? व्हॉट? यू डोन्ट हॅव टू..."

"बसते गं बाहेर. तू बोल त्यांच्याशी. जे आहे ते बोल."

दार ओढून घेतलं आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून उभी राहिले. खिडकीतून पार्किंग लॉट दिसत होता, एक माणूस पाठीवर मशीन घेऊन पानं उडवत होता. आत नर्सने काहीतरी विचारलं. दार ढकलून सईच्या खिशातलं ते यंत्र काढून नर्सच्या टेबलावर आपटावं असं वाटत होतं. मी पर्सचा पट्टा घट्ट धरला.

मग सईचा आवाज आला. दाराआडून शब्द काही कळले नाहीत. एवढंच कळलं, की उत्तर 'नो'पेक्षा बरंच लांब होतं.